वाचणाऱ्यांचा कट्टा: दक्षिणेचा हिशेब आणि मागे राहिलेली म्हैस

(पुस्तकांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात पेणच्या एक निवृत्त ग्रंथपाल.)

ताई, दर महिन्याला तुम्ही आम्हाला पुस्तकं सुचवता, पण स्वतः काय वाचताय ते सांगायचं टाळता. हल्ली वाचलेल्यांपैकी सगळ्यांत आवडलेलं कोणतं? नवंच हवं असं नाही.
एक वाचक, पुणे

"नवंच हवं असं नाही" हे लिहिलंत ते बरं केलंत, कारण माझं उत्तर शंभर वर्षांहून जुनं आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा 'माझा प्रवास'. ग्रंथालयात असताना हे पुस्तक मी कितीदा तरी कपाटातून काढून दिलं, परत आलं की जागेवर ठेवलं. सलग, निवांत, हातात पेन्सिल घेऊन वाचलं ते आत्ता, निवृत्तीनंतर.

वरसई आमच्या पेण तालुक्यातलं गाव. शाळेतली पोरं प्रकल्पासाठी "झाशीच्या राणीवर काहीतरी द्या" म्हणत यायची. आपल्या तालुक्यातला एक भटजी त्या वेढ्यात झाशीतच होता म्हटलं की आधी विश्वासच ठेवायची नाहीत. भटजी तिथे कशाला जाईल? तर पैशासाठी. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार अशी बातमी कोकणात आली, आणि तिशीतला विष्णुभट काकांना बरोबर घेऊन १८५७ साली घरातून निघाला. बिचाऱ्याला मुहूर्त मिळाला तोही कुठला! वाटेत महूच्या आसपास शिपाई भेटतात आणि पुढे काय होणार आहे ते सांगतात. घरी वळायचं की पुढे जायचं? हे दोघं पुढे जातात, कारण हात हलवत परत जायचं तर कर्ज तसंच राहणार.

मला हे पुस्तक का धरून ठेवतं ते सांगते. हा माणूस इतिहास लिहायला बसलेलाच नाही. तो हिशेब सांगतो. कुठे किती दक्षिणा मिळाली, कुठे जेवण कसं होतं, कोणी ओळख काढली, कमावलेलं कुठे लुटलं गेलं. झाशी पडल्यावरची लूट त्याने लिहिली आहे ती वाचा. लूटसुद्धा पायरीपायरीने होते. आधी सोनंनाणं आणि जडजवाहीर, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे नि धान्य. एकाने सोडलेलं दुसरा उचलतो, त्याने टाकलेलं तिसरा. घरात दडून बसलेल्या माणसाला प्रत्येक वेळी वाटतं की आता न्यायला काही उरलं नाही, आणि तरी दार वाजतं. आता हे तपशील कादंबरीकाराला सुचले असते का? मला शंका आहे. आपल्या स्वयंपाकघरातला तांब्या गेला हे ज्याला लागतं, तोच असं लिहितो.

आणि ती विहीर. झाशीतून निसटल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी विष्णुभटाला राणी दिसते. पुरुषी पोशाख, धुळीने भरलेली, तहानलेली. तो पुढे होऊन पाणी काढायला लागतो, तर ती अडवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, म्हणते. स्वतः मडकं सोडते, पाणी शेंदते आणि ओंजळीने पिते. मग चार वाक्यं बोलते आणि निघून जाते. एवढंच. विष्णुभट त्यावर टीका-टिप्पणी करत बसत नाही, पुढच्या मुक्कामाला लागतो. राज्य गेलेली, जीव मुठीत धरून पळणारी बाई, आणि पाणी कोणी शेंदायचं याचा शिष्टाचार सुटलेला नाही. त्या काळच्या माणसांविषयी या एका मडक्याने मला जेवढं सांगितलं तेवढं जाडजाड चरित्रांनी सांगितलं नाही.

शेवटी तो घरी येतो तो काय घेऊन? पैसा वाटेतच गेलेला. खांद्यावर काशीहून आणलेली गंगेची कावड. तिने आईवडिलांना स्नान घातलं, ते मात्र त्याने समाधानाने लिहिलंय.

'माझा प्रवास'च्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या दिसतात. कोणती घ्यावी?
एक वाचक, ठाणे

विष्णुभट हे इतिहासकार चिंतामणराव वैद्यांचे कुलोपाध्याय. वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी आठवणी लिहून दिल्या, पण इंग्रजांच्या राज्यात बंडाच्या गोष्टी छापायच्या कशा? लेखक गेल्यावर, १९०७ साली, वैद्यांनी त्या छापल्या. छापताना भाषा नीटनेटकी केली, काही गाळलं, काही आपल्या पद्धतीने मांडलं. पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पुस्तक काढलं.

पहिल्यांदा वाचत असाल तर वैद्यांची प्रत सोपी जाईल. पण मन माझं पोतदारांच्या प्रतीत. तिथे वाक्यं लांबच लांब, विरामचिन्हांची ददात, मधेच गावगप्पा. दहा पानं नेट धरा. अकराव्या पानापासून माणूस समोर बसून बोलतोय असं ऐकू यायला लागतं. आजकाल दोन्ही वळणांच्या नवनव्या छपाया बाजारात आहेत, तेव्हा विकत घेताना प्रस्तावना उघडून कोणत्या संहितेवरून छापलंय तेवढं बघा. प्रस्तावनाच नसेल तर पुस्तक परत ठेवा.

मी निवृत्त शिक्षक आहे. आत्मचरित्रांचा कंटाळा आलाय. जो तो स्वतःची आरती ओवाळतो. आरती नसलेलं एखादं सुचवाल का?
एक वाचक, नाशिक

गुरुजी, तुम्ही नाशिकचे आणि मला विचारता? जलालपूर तुमच्या गावाजवळच. लक्ष्मीबाई टिळक तिथल्या. 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचलं नसेल असं मी धरत नाही, पण शाळेत धडा म्हणून वाचलं असेल तर ते वाचणं नव्हे. पुन्हा घ्या.

मी विष्णुभटानंतर लगेच तेच घेतलं, त्यालाही कारण झालं. लक्ष्मीबाईंच्या घरातली गोष्टसुद्धा सत्तावन्नपासूनच सुरू होते. आईचे वडील त्या धामधुमीत फाशी गेले, आणि त्याचा धक्का लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी असा घेतला की घरात सोवळ्याओवळ्याचं वेडच शिरलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. म्हणजे तिकडे एक भटजी लढाईच्या धुरातून वाट काढतोय आणि इकडे त्याच लढाईपायी एका घरात पाण्याचे हंडेच्या हंडे उपसले जातायत. दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली की हे असं जुळून येतं, आणि मग फार मजा येते.

लक्ष्मीबाई स्वतःची आरती करत नाहीत, कारण त्यांना स्वतःचं हसू येतं. नवऱ्याचंही येतं. रेव्हरंड टिळक म्हणजे मोठे कवी, सगळ्या महाराष्ट्राला फुलामुलांचे कवी म्हणून पूज्य. घरात मात्र तापट, भोळे, खिशात आलेला पैसा कोणालाही देऊन मोकळे होणारे, न सांगता घर सोडून जाणारे. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा या बाईवर आभाळ कोसळलं. माहेर-सासरच्या दोन्ही बाजूंनी ओढाताण, पदरात लहान मूल. पाच वर्षांनी तीही ख्रिस्ती झाली, पण नवऱ्याच्या मागून फरफटत गेलेली नाही. सोवळं एकेक करून स्वतःच्या हाताने उतरवत गेली, आणि कोणतं कधी उतरवलं याचा पत्ता तिला आहे. एवढं सोसलेलं आणि कुठे रडगाणं नाही. चौथा भाग अर्धवट राहिला, १९३६ मध्ये त्या गेल्या. पुस्तक मधेच थांबतं ते मला कधी खटकलं नाही. गोष्ट सांगता सांगता बाई उठून आत गेली, एवढंच.

आणि याच्या जोडीने बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचा. १९८६ सालचं. फलटणला बेबीताईंचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचत, आणि वेळ मिळेल तसं लिहीत. लिहिलेलं घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलेलं. फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांच्या नजरेला ते पडलं म्हणून आधी 'स्त्री' मासिकात आणि मग पुस्तकात आलं. ह्या पुस्तकात "मी" फारसा नाहीच, "आम्ही" आहे. महारवाड्यातलं अन्न, अंगात येणं, बाळंतपणं, सुनांना होणारी मारहाण, आणि बाबासाहेबांचं वारं वस्तीत आल्यावर काय काय हललं ते. आपल्याच पुरुषांविषयी ती जे लिहून ठेवते ते लिहायला केवढं धैर्य लागलं असेल, याचा विचार करा. आरती तर सोडाच, इथे निरांजनाला तेल नाही.

ब्राह्मण भटजी, ख्रिस्ती झालेली ब्राह्मण बाई, फलटणची दुकानदार बाई. तिघांनीही "आपण लेखक आहोत" असा पवित्रा घेतलेला नाही, आणि तिघांनाही वस्तूंची नावं नि भाव पाठ आहेत. माझी सध्याची आवड विचाराल तर ती ही अशी. ज्या पुस्तकात कोणी काय रांधलं, किती पैसे पडले, पाणी कुठून आणलं हे कळतं, त्याच्या दुःखावर माझा विश्वास बसतो.

ग्रंथपाल मंडळी नेहमी जुनंच सांगतात. मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे. आत्ताच्या लेखकांचं काही आवडलंय का तुम्हाला, खरं सांगा?
एक विद्यार्थी, कोल्हापूर

खरंच सांगते रे बाबा. आणि तुझ्याच जिल्ह्यातलं सांगते, म्हणजे तुला पळवाट नको.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. २०२३ चं साहित्य अकादमी पारितोषिक तिला मिळालं, पण पारितोषिकाचं सोड. धरणासाठी एक गाव उठवलं जातं. माणसं नव्या वसाहतीत येतात, म्हशी मागे राहतात. देवाप्पा त्या म्हशी आणायला उठलेल्या गावी परत जातो. एवढीच गोष्ट. पण तोवर म्हैस म्हैस राहिलेली नसते. माणसाशिवाय जगायला शिकलेली असते, रानाची झालेली असते. ज्या जनावराची धार काढली, ज्याच्या पाठीवर लहानपणी बसून फिरलो, ते आता शिंगं रोखून उभं आहे आणि ओळख देत नाही. नाहीतर ओळख आहे म्हणूनच उभं आहे. आम्हाला टाकून गेलास ना? देवाप्पाला तिच्याकडून हवं तरी काय, दूध की माफी, हे वाचता वाचता मला ठरवता येईना, आणि कादंबरीही ते ठरवून देत नाही. भाषा पन्हाळ्याकडची, दाट. तुला अवघड जाणार नाही. मला काही शब्दांना अडखळायला झालं, पण वाक्याच्या चालीवरून अर्थ लागत गेला.

धरणग्रस्तांवर मराठीत याआधी लिहिलं गेलं नाही असं नाही. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ ची. तिच्यात सगळा पट आहे, कचेऱ्या, पुढारी, मोर्चे, जमिनीचे कागद. ती वाचून संताप येतो. 'रिंगाण'मध्ये कचेरी लांब राहते आणि एक माणूस, एक जनावर आणि त्यांच्यामधलं थोडंसं अंतर उरतं. मला विचारशील तर आधी 'झाडाझडती' वाच, मग 'रिंगाण'. उलट क्रमाने वाचलंस तर पाटलांची कादंबरी गोंगाटाची वाटेल, आणि तो तिच्यावर अन्याय होईल.

आणि हे मला इतकं लागायचं कारण सांगू? विष्णुभटाचं वरसई बाळगंगा धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं. धरणाचं काम वर्षानुवर्षं अर्धवट पडलंय, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं जायचं की राहायचं या फेऱ्यात अडकलेली. घराला रंग काढायचा की नाही, हे ठरवता न येणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या एसटीत बसलं की ऐकू येतं.

तू इंजिनिअरिंगला आहेस म्हणून आणखी एक. नंदा खरे यांची 'उद्या'. खरे स्वतः सिव्हिल इंजिनिअर, नागपूरचे. पाळत ठेवणारी यंत्रणा, कंपन्यांच्या हातात गेलेला कारभार, मुलींची घटलेली संख्या, असा लवकरच येऊ घातलेला काळ त्यांनी रंगवला, आणि ती वाचताना "हे तर आत्ताच चाललंय" असं म्हणायची पाळी दर चार पानांनी येते. २०२० चं अकादमी पारितोषिक जाहीर झालं तेव्हा, आपण आता पुरस्कार घेत नाही, समाजाने आधीच भरपूर दिलंय, म्हणून त्यांनी ते नाकारलं. कादंबरी म्हणून काही ठिकाणी माहिती गोष्टीच्या अंगावर बसते, हे मला जाणवलं. पण माहिती अशी की तीही मी सोडली नाही.

किरण गुरव यांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' ग्रंथालयातून आण. गावातून शहरात शिकायला आलेल्या मुलाविषयी कोणी इतकं बारकाईने लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. त्यावर मी काही बोलत नाही, तूच मला पत्र लिही.

नेमाड्यांच्या 'हिंदू'चे पुढचे भाग कधी येणार?
एक उत्सुक वाचक, जळगाव

चार भागांतला पहिला २०१० मध्ये आला. पुढचं वेळापत्रक माझ्याकडे असतं तर मी ग्रंथालयाच्या दारात तिकीटबारी लावली असती. तोवर 'कोसला' पुन्हा वाचा. १९६३ ची आहे. विशीत वाचताना हसलेल्या जागी साठीत हसू येत नाही आणि भलत्याच ठिकाणी येतं. नायकाची बहीण मनी गेल्याची पानं मात्र कोणत्याही वयात तशीच.

आम्ही बंगळूरला असतो. मुलगा नऊ वर्षांचा. मराठी बोलतो छान, पण वाचायचं म्हटलं की तोंड वाकडं. काय करू?
एक आई, बंगळूर

आधी "वाच" म्हणणं थांबवा. तुम्ही वाचा, त्याला ऐकू द्या. कानाला मराठी आहे ना, मग अर्धं काम झालेलं आहे.

सुरुवातीला 'किशोर'. बालभारतीचं मासिक, १९७१ पासून चालू आहे, आणि जुने अंक त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवलेत. अंक संपूर्ण वाचायची सक्ती नको. चित्रं बघू दे, कोडं सोडवू दे, विनोद वाचून दाखवू दे. छापील हवं असेल तर माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं 'वाचू आनंदे'. त्यात मराठीतल्या चांगल्या लेखकांचे लहान लहान उतारे आहेत आणि जोडीला नामवंत चित्रकारांची चित्रं. उतारा दोन पानांचा असला की मुलाला संपवल्याचा आनंद मिळतो. त्याला शेवट दिसला पाहिजे, ही मुख्य गोष्ट. फास्टर फेणे आहेच. वेग आहे, सायकल आहे, चोर आहेत.

आणि रात्री झोपताना रोज एक प्रकरण, तुमच्या आवाजात, 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. फ्लॉरिडाच्या रानातला ज्योडी आणि त्याचं हरणाचं पिल्लू. अमेरिकेतली गोष्ट आहे हे चार पानांत विसरायला होतं, इतकी ती मराठीत रुजली आहे. शेवटची प्रकरणं मात्र सुट्टीच्या दिवशी दुपारी वाचा, रात्री नको. ग्रंथालयात हे पुस्तक परत करायला आलेली एक मुलगी काउंटरवर मला म्हणाली होती, "तुम्ही आधी सांगायला हवं होतं." म्हणून सांगतेय.

सुरू केलेलं पुस्तक तुम्ही अर्धवट सोडता का? मला फार अपराधी वाटतं.
एक वाचक, लातूर

सोडते. बिनदिक्कत. वर्गणी मी भरलेली आहे, पुस्तकाने नाही. पन्नासेक पानांत एकही माणूस जेवला नाही, बसला नाही, कामाला गेला नाही आणि नुसताच विचार करत राहिला, तर मी खूण काढून घेते. दोन-तीन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा हातात घेऊन बघते. कधी ते सुधारलेलं असतं.

पुढे काय काय वाचायचं ठरवलंय? तुमच्या उशाशी कोणती पुस्तकं आहेत?
एक वाचक, रत्नागिरी

उशाशी ठेवण्यासारखी ती नाहीत, मान मोडेल. रंगनाथ पठारे यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' आहे. २०१९ मध्ये आलं. एका कुळातले सात पुरुष आणि सुमारे सातशे वर्षांचा महाराष्ट्र. ते मी अजून उघडलेलं नाही, कारण मला ते तुकड्या-तुकड्याने वाचायचं नाही. पावसाळ्यात पेणमध्ये लाइट जाते, पाहुणे येत नाहीत, गणपतीच्या कारखान्यांची धांदल सोडली तर गाव आपापल्या घरात असतं. ते दिवस मी त्याच्यासाठी राखून ठेवलेत. लेखकाने सातशे वर्षं घेतली, मी दोन महिने तरी द्यायला हवेत.

त्याआधी नंदा खरे यांच्या दोन बखरी. 'अंताजीची बखर' पूर्वी वाचलेली आहे, पण विष्णुभटानंतर ती पुन्हा वाचायची आहे. अंताजी हा रचलेला माणूस. अठराव्या शतकाची गोष्ट तो स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि काय तिरकस सांगतो! मोठ्यांच्या मोठेपणाला अजिबात भुलत नाही. एक खरा भटजी आणि एक खोटा बखरकार शेजारी ठेवले की कोण जास्त थापा मारतो, हे मला बघायचंय. माझा अंदाज सांगू नये, पण खरा भटजीच मारत असणार. मग 'बखर अंतकाळाची', २०१० ची. ती वाचलेलीच नाही. पेशवाई बुडाली ती खालून कशी दिसली असेल, याची मला उत्सुकता आहे. वरून कशी दिसली ते शाळेत पाठ केलंय.

सुधीर रसाळ यांचं 'विंदांचे गद्यरूप' मागवलंय. २०२४ चं अकादमी पारितोषिक. विंदा करंदीकरांच्या कवितेवर सगळेच बोलतात, त्यांच्या ललित नि समीक्षेच्या गद्याकडे असं बसून कोणी पाहिलं होतं? समीक्षा वाचायला मला अलीकडेच आवडायला लागली आहे. सतीश काळसेकरांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी'ने ती गोडी लावली. कोणतं पुस्तक कोणत्या पदपथावर सापडलं, कोणी वाचायला सुचवलं, त्यातून पुढचं कोणतं हाती आलं, असं सांगत सांगत माणूस जगभराच्या साहित्यात फिरवून आणतो आणि आपण काही शिकलो असं वाटतसुद्धा नाही. पुस्तकांवरचं असं पुस्तक मराठीत दुर्मीळ.

आणि एका पुस्तकाची वाट बघतेय. कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या कथांना २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादासाठी. इंग्रजी प्रत भाचीने दिली आहे, ती कपाटात आहे. पण शेजारच्या घरातली गोष्ट लंडनला वळसा घालून का ऐकायची? कन्नडमधून थेट मराठीत आलेल्या प्रतीची मी वाट बघतेय. आपल्याकडे ते करणाऱ्यांची परंपरा चांगली आहे. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या आणल्या त्या कशा, माहीत आहे? त्यांना कन्नड लिपी वाचता येत नसे. नवरा, विरूपाक्ष कुलकर्णी, मूळ कन्नड मोठ्याने वाचून टेप करून ठेवायचे, ते ऐकत ऐकत त्या मराठी लिहायच्या. महाभारतावरच्या 'पर्व'सारखा डोंगर अशा रीतीने मराठीत आला. त्यांचं 'संवादु अनुवादु' हे आत्मकथन मिळवून वाचा. घरकाम आटोपून, टेप मागे-पुढे करत एक बाई महाभारत कसं ऐकते ते त्यात आहे. ऐकून लिहिलेलं असल्यामुळेच ते मराठी कानाला इतकं गोड लागतं, असं माझं मत आहे. भैरप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये गेले, तेव्हा मी 'पर्व'मधलं कुंतीचं प्रकरण काढून पुन्हा वाचलं.

वडील गेले. त्यांची पुस्तकांची दोन कपाटं आहेत. फ्लॅटमध्ये जागा नाही. ग्रंथालयं "नको" म्हणतात. काय करावं?
एक वाचक, डोंबिवली

ग्रंथालयं "नको" म्हणतात ती उर्मटपणाने नव्हे. त्यांच्याकडेही जागा नसते, आणि तुमच्याकडची निम्मी पुस्तकं त्यांच्याकडे आधीच असतात. तेव्हा पोती भरून दारात नेऊ नका. आधी यादी करा. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, एवढं पुरे. एका रविवारी होतं. यादी हातात असली की ग्रंथपाल खुर्ची पुढे ओढतो, हा माझा काउंटरवरचा अनुभव.

यादी करताना तीन ढीग घाला. पहिला, वडिलांनी समासात काही लिहून ठेवलेली पुस्तकं. ती द्यायची नाहीत. जागा नसली तरी ठेवा, पलंगाखाली ठेवा. दुसरा, जुने दिवाळी अंक, लहान प्रकाशकांची पुस्तकं, गावाचे-कुळाचे इतिहास, स्मरणिका, मासिकांच्या बांधीव फायली. हे तुम्हाला रद्दी वाटेल, पण संशोधकांना याचंच मोल असतं. मोठ्या संदर्भ ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाला यादी पाठवा. तिसरा ढीग नेहमीच्या कथा-कादंबऱ्यांचा. तो तालुक्याच्या वा खेड्यातल्या ग्रंथालयांना चालतो. 'ब', 'क', 'ड' वर्गातल्या ग्रंथालयांना नवी खरेदी कमीच परवडते, तिथे चांगल्या अवस्थेतल्या प्रती हव्या असतात. शाळांनाही विचारा.

कसर किंवा वाळवी लागलेलं एकही पुस्तक देऊ नका, कितीही दुर्मीळ असलं तरी. एका पुस्तकापायी त्यांचं अख्खं कपाट जातं. असं पुस्तक खरंच मोलाचं असेल तर आधी स्कॅन करून घ्या. पाठ्यपुस्तकं आणि गाइडं मात्र सरळ रद्दीत घाला. ती कोणी घेत नाही, आणि घेऊही नयेत.